मध्यप्रदेश: जमीन तेवढीच, माणसं जवळपास चौपट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझं माहेर बालाघाट जिल्ह्यातलं, वारासिवनीच्या पुढचं एक गाव, आणि सासर नागपूरचं. त्यामुळे मध्यप्रदेशचा विषय निघाला की सगळे माझ्याकडेच बघतात. पुतण्या एमपीएससीचा अभ्यास करतोय, भाची मध्यप्रदेशच्या एमपी पीएससीचा, शेजारच्या काकूंचा मुलगा सिंगरौलीला नोकरीला लागलाय, आणि सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहून काढलंय. आकडे घाईघाईत वाचू नका, त्यांच्यामागे माणसं आहेत.

मध्यप्रदेश नेमका केवढा आहे?

३,०८,२५२ चौरस किलोमीटर. काही पुस्तकांत ३,०८,२४५ असतं, फरक फक्त ७ चौरस किलोमीटरचा आहे, त्यावरून भांडू नका, परीक्षेत जे पुस्तक लावलंय त्यातला आकडा लिहा. देशाच्या एकूण जमिनीतला साधारण ९.४ टक्के भाग. राजस्थान पहिला (३,४२,२३९), मध्यप्रदेश दुसरा आणि आपला महाराष्ट्र तिसरा, ३,०७,७१३. म्हणजे मध्यप्रदेश आणि महाराष्ट्रातला फरक जेमतेम साडेपाचशे चौरस किलोमीटरचा, मुंबई शहर आणि उपनगर मिळून ६०३ होतात, त्याहूनही कमी! लोकांना वाटतं एमपी आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, तसं अजिबात नाही. परदेशातलं उदाहरण हवं असेल तर इटली घ्या, तो देश तीन लाखाच्या थोडासा वर आहे.

पण आम्हाला तर शाळेत "सगळ्यात मोठं राज्य मध्यप्रदेश" असं शिकवलं होतं?

बरोबरच शिकवलं होतं. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं त्याआधी मध्यप्रदेश ४ लाख ४३ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होता आणि देशात पहिला होता. छत्तीसगडसोबत १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर गेले, आणि बैलाडिलाचं लोखंड, कोरब्याचा कोळसा हेही त्यांच्याकडे गेलं. म्हणून जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांनी सांभाळून राहावं, १९९१ च्या लोकसंख्येचा आकडा ६ कोटी ६१ लाख दिसला तर तो अखंड राज्याचा आहे, आत्ताच्या हद्दीपुरता मोजला तर तो ४ कोटी ८६ लाखच होतो. हा घोळ मी नेटवर कितीतरी ठिकाणी बघितलाय, लोक १९९१ चा जुना आकडा आणि २००१ चा नवा आकडा शेजारी ठेवतात आणि लोकसंख्या कमी झाली म्हणून सांगतात.

आणि त्याच्याही आधी नागपूर राजधानी होती म्हणे, ते काय प्रकरण?

हो, खरंय. जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, त्याचंच नाव स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं भाषेवर नव्याने आखली गेली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि उरलेला महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ संस्थान हे सगळं जोडून आजचा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. नागपुरात आजही जुने लोक "आपण राजधानी होतो" म्हणतात तेव्हा ते याच राज्याबद्दल बोलत असतात. सीमा मात्र कागदावर पडली, माणसांमध्ये नाही. सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर, आमचं बालाघाट इथे मराठी आजही घरात आहे, आणि इंदूर-ग्वाल्हेरची मराठी घरं होळकर-शिंद्यांच्या काळापासूनची. २०११ च्या जनगणनेत मध्यप्रदेशात मातृभाषा मराठी सांगणारे १२ लाखांहून जास्त होते.

लोकसंख्या किती आहे? आणि सगळीकडे २०११ चाच आकडा का दिसतो?

७ कोटी २६ लाख २६ हजार ८०९. हा २०११ चा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आधी कोविड आणि मग पुढे ढकलत ढकलत आता संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरलीय. मधल्या काळासाठी सरकारी तज्ज्ञ गटाने काढलेले अंदाज आहेत, त्यात २०२१ साठी साडेआठ कोटींच्या आसपासचा आकडा येतो. पण अंदाज तो अंदाज, दारावर येऊन मोजणं वेगळं. आणि हे फक्त अभ्यासाच्या पोरांचं दुखणं नाही, रेशनचं धान्य किती लोकांना द्यायचं याचा राज्याचा कोटासुद्धा २०११ वर बांधलेला आहे, म्हणजे त्यानंतर जन्मलेलं पोर आज चौदा-पंधरा वर्षांचं झालं तरी त्या हिशेबात त्याची जागा नाही. मला हे फार लागतं.

वाढ किती वेगाने झाली ते थोडक्यात सांगा.

आत्ताच्या हद्दीपुरतं मोजलं तर १९०१ मध्ये १ कोटी २७ लाख, १९५१ मध्ये १ कोटी ८६ लाख, १९७१ ला ३ कोटी, १९९१ ला ४ कोटी ८६ लाख, २००१ ला ६ कोटी ३ लाख आणि २०११ ला ७ कोटी २६ लाख. मधे एक दशक असंही आहे जिथे माणसं कमी झाली, १९११ ते १९२१, कारण १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची की गावात सरणाला लाकडं पुरत नव्हती.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत २०.३ टक्के वाढ, देशाची साधारण १७.७ आणि महाराष्ट्राची १६. टक्के कळत नसतील तर असं समजा की दहा वर्षांत या राज्यात सव्वा कोटीच्या जवळपास माणसं वाढली, म्हणजे अख्खी बृहन्मुंबई येऊन बसली, आणि जमीन एक इंचही वाढली नाही. पण त्याच्या आधीच्या दशकात वाढ २४ टक्क्यांच्या वर होती, म्हणजे वेग उतरायला लागलाय हेही तितकंच खरं.

घनता (दर चौरस किलोमीटरला माणसं) तर फक्त २३६ आहे, महाराष्ट्राची ३६५, देशाची ३८२. मग एमपीत जागा भरपूर आहे ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचंच उत्तर मला सगळ्यात जास्त द्यावंसं वाटतं.

चौरस किलोमीटर डोळ्यासमोर येत नाही, म्हणून मी एकर करून बघते. मध्यप्रदेशची सगळी जमीन साधारण ७ कोटी ६२ लाख एकर. १९५१ मध्ये ती माणशी वाटली असती तर प्रत्येकाला चार एकर आले असते. २०११ मध्ये एक एकर. आणि आज साडेआठ कोटी धरले तर एक एकरही नाही, ३६ गुंठे. आता यातून जंगल काढा (नोंदीतली वनजमीनच जवळपास ९५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याचा तीस टक्के भाग), धरणं काढा, खाणी काढा, शहरं, रस्ते, चंबळच्या बेहडांची (घळींची) कापलेली जमीन काढा. प्रत्यक्ष पेरणीखाली येते ती साधारण दीड कोटी हेक्टर. माणशी जेमतेम १७-१८ गुंठे उरले.

आमच्याच घरचं सांगते. आजोबांकडे बारा एकर धानाची शेती होती. चार मुलगे, प्रत्येकी तीन एकर. मधल्या काकांना तीन मुलगे, प्रत्येकी एक एकर. तिकडे सातबारा नसतो, खसरा आणि ऋण पुस्तिका असते, आणि मोजणी डिसमिलमध्ये, शंभर डिसमिल म्हणजे एक एकर. माझ्या चुलत भावाच्या ऋण पुस्तिकेत तीन ओळी आहेत, ३८ डिसमिल, ४० डिसमिल, २२ डिसमिल, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या बांध्या (धानाचे तुकडे). एका बांधीतून दुसरीकडे पंप न्यायचा म्हटलं तर दुसऱ्याच्या शेतातून जावं लागतं. पटवारी मोजायला आला त्या दिवशी दोन भाऊ एका धुऱ्यासाठी (शेताच्या बांधासाठी) दिवसभर उन्हात उभे होते, एक हात रुंदीचा धुरा तो. दोघांपैकी कोणीच वाईट नाही, जमीनच संपलीय. बालाघाट जिल्ह्याची घनता फक्त १८४ आहे बरं का, राज्याच्या सरासरीपेक्षाही कमी! म्हणून कोणी मला घनता कमी म्हणजे जागा भरपूर असं म्हटलं की मी त्या ३८, ४० आणि २२ बद्दल सांगते.

सगळ्यात दाट आणि सगळ्यात विरळ जिल्हे कोणते?

२०११ प्रमाणे दाट भोपाळ (८५५) आणि मग इंदूर (८४१), विरळ दिंडोरी (९४). लोकसंख्येने सगळ्यात मोठा इंदूर, ३२ लाख ७७ हजारांच्या आसपास. तेव्हा जिल्हे ५० होते, आता ५५ आहेत. २०२३ मध्ये मऊगंज, मैहर आणि पांढुर्णा नवीन झाले, पांढुर्णा छिंदवाड्यातून निघाला, त्यामुळे छिंदवाडा ११,८१५ चौरस किलोमीटर हा जुना आकडा आता चालत नाही.

खनिजं कुठली आणि कुठे? एकदाच सगळं सांगा.

सगळं नाही सांगत, मुख्य मुख्य सांगते.

आधी माझा जिल्हा. बालाघाटजवळ भरवेलीची मॅंगनीजची खाण, ही जमिनीखालची मॅंगनीज खाण आशियात सगळ्यात खोल मानतात, चारशे मीटरच्या खाली काम चालतं. कंपनी मॉईल, मुख्यालय नागपूरला, आणि त्याच पट्ट्यातल्या खाणी पुढे भंडारा-नागपूर जिल्ह्यांत येतात, चिखला, डोंगरी बुजुर्ग, मनसर, कांद्री. लहानपणी बसने जाताना भरवेलीचा स्टॉप आला की खिडकीच्या गजावर हात ठेवला तरी काळपट पूड लागायची, आईने दिलेला पांढरा रुमाल घरी पोहोचेपर्यंत राखाडी व्हायचा. मॅंगनीज लागतं पोलाद बनवायला, त्याशिवाय चांगलं पोलाद होतच नाही. त्याच जिल्ह्यात मलाजखंडला तांबं, हिंदुस्तान कॉपरची खाण, १९८२ पासूनची, देशातला तांब्याचा फार मोठा साठा. वरून खड्ड्यात बघितलं तर खालचे डंपर खेळण्यातल्या गाड्यांएवढे दिसतात, आता खड्डा आणखी खोल करता येत नाही म्हणून जमिनीखाली बोगद्यातून काम सुरू केलंय.

कोळसा सिंगरौली, शहडोल-उमरिया-अनूपपूर आणि इकडे छिंदवाड्याचा पेंच-कन्हान पट्टा, बैतूलचं पाथाखेडा. सिंगरौलीत विंध्याचल औष्णिक केंद्र आहे, ४,७६० मेगावॉट, देशातलं सगळ्यात मोठं, आणि आपल्या घरात जी वीज येते त्यातला काही हिस्सा तिथलाही आहे कारण महाराष्ट्र त्यातला भागीदार आहे. चुनखडी सतना, मैहर, रीवा, कटनी, म्हणून तिथे सिमेंटच सिमेंट. बॉक्साइट अमरकंटककडे. आणि पन्ना, हिऱ्यांचं.

शिवाय जंगल, देशात सगळ्यात जास्त, ७७ हजार चौरस किलोमीटर, आणि २०२२ च्या गणनेत ७८५ वाघ. मी तर पाण्यालाही संपत्तीच म्हणते, पण त्याबद्दल खाली.

पन्नाला कोणीही जाऊन हिरा शोधू शकतो हे खरं आहे का?

बऱ्यापैकी खरं आहे. मोठी यांत्रिक खाण मझगवाची, एनएमडीसीची, ती वेगळी. पण त्याशिवाय तिथलं हिरा कार्यालय छोटे पट्टे देतं, आठ बाय आठ मीटरचा तुकडा, वर्षासाठी, फी २०० रुपये. माती काढायची, खालची खडी पाण्यात धुवायची, उन्हात पसरायची आणि मग बायका-पुरुष उकिडवे बसून हाताने एकेक खडा सरकवत बघतात. सापडला तर कार्यालयात जमा करायचा, लिलाव होतो, रॉयल्टी कापून पैसे मिळतात. पेपरात ज्याला सापडला त्याचा फोटो येतो, पण वर्षभर खणून हाती काहीच न लागलेले शेकडो असतात, तेव्हा घरातला बी-बियाण्याचा पैसा घेऊन कोणी तिकडे निघत असेल तर त्याला थांबवा.

एवढी खनिजं आहेत तर राज्य गरीब का?

पूर्वीइतकं गरीब राहिलेलं नाही हे आधी सांगते. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत मध्यप्रदेशचे गरीब ३६.५७ टक्क्यांवरून (२०१५-१६) २०.६३ टक्क्यांवर (२०१९-२१) आले, ही मोठी उतरण आहे. पण महाराष्ट्र त्याच वेळी ७.८१ वर होता. आणि २०२० मध्ये मध्यप्रदेशात हजारी ४३ बाळं पहिला वाढदिवस बघू शकली नाहीत, देशात सगळ्यात जास्त, देशाची सरासरी तेव्हा २८ होती.

कारण असं की खाण जिथे असते तिथला माणूस त्याने श्रीमंत होतोच असं नाही. खनिज जमिनीखाली, वर जंगल, आणि जंगलात गोंड, बैगा, कोल, भिल्ल. राज्यात २१ टक्के लोक आदिवासी आहेत, दीड कोटींच्या वर, आकड्याने देशात सगळ्यात जास्त. कोळसा उघड्या खाणीतून काढायचा म्हणजे गाव उठवावंच लागतं, आणि सिंगरौलीत तर अशी घरं आहेत जी साठच्या दशकात रिहंद धरणामुळे उठली, मग खाणीमुळे, मग वीजकेंद्रामुळे. आता मोरवा हे अख्खं गाव-शहर कोळशासाठी उठतंय. मोठ्या मशिनींनी काम चालतं, त्यात नोकऱ्या थोड्या, आणि त्याही शिकलेल्या बाहेरच्यांना. माल रेल्वेने बाहेर जातो, कारखाना दुसरीकडे, नफा दुसरीकडे.

एक चांगली गोष्ट झाली ती २०१५ च्या कायद्यातली, जिल्हा खनिज निधी. जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या नव्यांवर १० टक्के इतकी वेगळी रक्कम त्याच जिल्ह्यातल्या बाधित लोकांसाठी ठेवायची. पैसा येतो, प्रश्न तो गावातल्या पाण्याच्या नळावर आणि दवाखान्यातल्या नर्सवर खर्च होतो की जिल्ह्याच्या ठिकाणच्या इमारतीवर, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क तिथल्या माणसांना आहे, आणि विचारलं पाहिजे.

महाराष्ट्रातल्या माणसाला याच्याशी काय करायचंय?

नागपूरकरांनी तरी हे विचारू नये! वर्धा नदी मुलताईजवळ उगम पावते, तापीसुद्धा मुलताईलाच, वैनगंगा सिवनी जिल्ह्यात. विदर्भाचं आणि खानदेशाचं पाणी तिकडून येतं. पेंचही तिकडचीच, तोतलाडोह भरतं ते छिंदवाड्याकडून येणाऱ्या पाण्याने. वरच्या अंगाला चौरईचं धरण झालं, त्यात २०१९ चा पाऊस लांबला, आणि जुलैत नागपुरात दिवसाआड पाणी सुरू झालं. आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत ड्रम मांडले होते, आणि त्याच आठवड्यात चौरईकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला की यंदा पहिल्यांदा आमच्या शेतात कालव्याचं पाणी येणार. मी काय बोलणार होते? त्याचीही पोरंबाळं आहेतच. वर माणसं वाढली, पिकाखालची जमीन वाढली की वरचा माणूस पाणी अडवणारच, आणि खालचं शहरही वाढतंच आहे. म्हणून तिकडची लोकसंख्या हा आपलाही प्रश्न आहे.

आता लोकसंख्या कमी व्हायला लागलीय का?

नाही, वाढीचा वेग कमी झालाय. एका बाईला सरासरी किती मुलं, हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ मध्ये ३.१ होता, २०१५-१६ ला २.३ आणि २०१९-२१ ला २.०. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात, म्हणजे राज्य त्याच्याही खाली आलंय. मग तरी वाढतेय का, तर आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आता आई होण्याच्या वयात आहेत, प्रत्येकीला दोनच झाली तरी बायकाच जास्त आहेत. हे ओसरायला अजून काही दशकं जातील.

माझ्या आजीला आठ मुलं, जगली पाच. आईला आम्ही तिघं. मला दोन, आणि चुलत भावाच्या बायकोला एकच, तिने स्वतः ठरवलं, कुठली सक्ती नाही, बारावी झालेली आहे आणि अंगणवाडीत काम करते.

दोन मुलांचा नियम लावला म्हणून कमी झाली का?

मला नाही तसं वाटत. पंचायतीच्या निवडणुकीसाठी मध्यप्रदेशने हा नियम लावला होता आणि २००५ मध्ये काढूनही टाकला, तरी जन्मदर उतरतच राहिला. केरळ आणि तामिळनाडूत तर याच्याही कितीतरी आधी उतरला. मुलगी शाळेत टिकली, लग्न उशिरा झालं आणि झालेलं मूल जगेल याची खात्री आली की बाई आपणच थांबते. नियमाने पदं जातात, आणि त्यात पहिली बळी बाईच पडते.

मुलींचं प्रमाण?

हजार पुरुषांमागे ९३१ बायका (२०११). पण सरासरीने काही कळत नाही, भिंडला ८३७ आणि बालाघाटला १०२१. एकाच राज्यात! भिंड-मुरेनाकडे जमीन आणि बंदूक दोन्ही मुलाच्या नावावर, आमच्याकडे धानाची रोवणी बायकांशिवाय होतच नाही. तेवढंच कारण नाही, पण एक मोठं कारण मी मानते.

लोकसभेच्या जागा वाढतील का?

सध्या लोकसभेच्या २९ आणि विधानसभेच्या २३० आहेत. विभाजनाआधी ४० आणि ३२० होत्या. राज्याराज्यांत लोकसभेच्या जागांची वाटणी अजून १९७१ च्या लोकसंख्येवरच गोठवलेली आहे, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. तेव्हा पुढे जे होईल ते २०२७ च्या मोजणीनंतरच्या पुनर्रचनेत, आत्ता कोणी छातीठोक आकडा सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आमच्या गावचे लोक मजुरीला बाहेर असतात, २०२७ ला त्यांची मोजणी कुठे होणार?

हा प्रश्न विचारणारे फार थोडे आणि महत्त्वाचा मात्र हाच. झाबुआ-अलिराजपूरचे लोक सुरत-बडोद्याला बांधकामावर जातात, आमच्याकडचे, मंडला-सिवनीचे नागपूरला, वीटभट्टीवर, कापूस वेचायला, संत्र्याच्या बागेत. मागच्या वेळी माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ मध्ये झाली, आणि याही वेळी फेब्रुवारीतच आहे, म्हणजे नेमकं गाव रिकामं असतं तेव्हा. त्या पूर्ण काळात माणूस जिथे राहत असेल तिथे त्याची नोंद होते, गावच्या घरात नाही. म्हणून भट्टीवर किंवा साईटवर असाल तर तिथे येणाऱ्या प्रगणकाला नाव लिहून घ्यायला सांगा, झोपडी असली तरी, ताडपत्री असली तरी, कागद नसले तरी, जनगणनेला कागद लागत नाही. घरात जन्मलेलं अगदी काल-परवाचं बाळसुद्धा सांगा. आणि तुमच्या घराच्या बांधकामावर तिकडची माणसं असतील तर त्या आठवड्यात प्रगणक आला की त्याला मागच्या शेडपर्यंत घेऊन जा, तो सहसा गेटवरूनच परत फिरतो.